मेलबर्न ते सिडनी, किनाऱ्याकिनाऱ्याने: भर उन्हाळ्यातल्या नाताळच्या रोड ट्रिपविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात नाताळ येतो तो ऐन उन्हाळ्यात. शाळांना सुट्टी, ऑफिसं बंद, आणि नेमके त्याच आठवड्यात भारतातून आई-बाबा आलेले. मग गाडी काढून मेलबर्नहून सिडनीला किनाऱ्याने जायचं आणि ३१ डिसेंबरची आतषबाजी बघायची, हा बेत घरोघरी शिजतो. त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. गाडी भाड्याची असो वा स्वतःची, बहुतेक गोष्टी दोन्हींना लागू पडतात.

ह्यूम हायवेने ९ तासांत पोचता येतं. मग प्रिन्सेस हायवे कशाला?

सिडनीला पोचणं एवढंच काम असेल तर ह्यूमनेच जा. सुमारे ८८० किलोमीटर, पूर्ण विभाजित रस्ता, बहुतेक ठिकाणी ११० ची मर्यादा. प्रिन्सेस हायवे किनाऱ्याला धरून जातो, अंतर सुमारे १,०४० किलोमीटर. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण हा रस्ता बराचसा दुपदरी आहे: जाणाऱ्याला एक लेन, येणाऱ्याला एक. अधूनमधून ओव्हरटेकिंग लेन येते. सुट्टीत पुढे कॅरॅव्हॅन लागली की नकाशातला वेळ विसरायचा. सलग चालवलं तर १२ ते १३ तास लागतात, आणि सलग चालवायचं असेल तर या रस्त्याला येण्यात काही अर्थ नाही.

किती दिवस लागतात आणि मुक्काम कुठे करावा?

सहा रात्री असतील तर घाई होत नाही. चारांत जमतं, पण रोज सामान बांधा-सोडा होते आणि तिसऱ्या दिवशी मुलं भांडायला लागतात. सोयीची विभागणी अशी:

२४ तारखेला सकाळी मेलबर्नहून निघून लेक्स एन्ट्रन्स (३२० किलोमीटर). इथे दोन रात्री राहा, म्हणजे २५ तारीख गाडी न हलवता जाते. जाताना बेर्न्सडेलच्या अलीकडे पेन्सव्हिलला वळा. तिथून रेमंड आयलंडला फेरी जाते, पायी जाणाऱ्यांना फुकट आणि पाचेक मिनिटांची. बेटावर झाडांच्या बेचक्यांत कोआला झोपलेले दिसतात. गाडी अलीकडेच ठेवा, बेटावर ती लागत नाही. लेक्स एन्ट्रन्समध्ये पादचारी पूल ओलांडला की नाइंटी माइल बीच.

२६ ला ईडन किंवा मेरिम्बुला (२४० ते २६५ किलोमीटर), दोन रात्री. हा टप्पा सर्वांत लांब नाही, पण सर्वांत थकवणारा आहे. ऑर्बोस्ट, कॅन रिव्हर, जिनोआ अशी जंगलातून वाट, वळणं, लाकडाचे ट्रक आणि मोबाइलला रेंज नाही. ईडनला 'ओल्ड टॉम' या ऑर्काचा (किलर व्हेलचा) सांगाडा ठेवलेलं संग्रहालय आहे. देवमासे मात्र डिसेंबरात दिसत नाहीत; त्यांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. दरवर्षी कोणी ना कोणी हिरमुसतं, म्हणून आधीच सांगितलं.

२८ ला नरूमा. वाटेत सेंट्रल टिल्बा हे लाकडी घरांचं जुनं गाव लागतं. मॉन्टेग्यू बेटावर सील बघायला बोट जाते, पण वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते. म्हणून तिचं बुकिंग सकाळचं करा. दुपारनंतर समुद्र खवळतो.

२९ ला जर्व्हिस बे (हस्किसन किंवा व्हिन्सेन्शिया), ३० ला कियामाचा ब्लोहोल आणि सी क्लिफ ब्रिज बघत सिडनी. ब्लोहोल चालतो तो आग्नेयेकडून लाटा आल्या तर. समुद्र शांत असेल तर नुसतं भोक दिसतं.

हायम्स बीचचा पांढराशुभ्र वाळूचा फोटो पाहिला. तिथेच जायचं ना?

गाव लहान, पार्किंग मोजकं. नाताळ ते जानेवारी मध्यापर्यंत सकाळी ८ नंतर गेलात तर गावाबाहेरच परत फिरावं लागण्याची शक्यता जास्त. वाळू तशीच हवी असेल तर शेजारच्या बूडरी राष्ट्रीय उद्यानात मरीज बीच किंवा ग्रीन पॅच बघा. तिथे प्रवेश शुल्क आहे, पण जागा मिळते आणि बाथरूमही असतं.

नोव्हेंबर संपत आला, बुकिंगच मिळत नाही.

मिळणार नाही, निदान कॅरॅव्हॅन पार्कमध्ये तरी. तिथली कुटुंबं वर्षानुवर्षं तीच जागा, तोच आठवडा धरून येतात, आणि या काळात बरीच पार्क किमान ५ ते ७ रात्रींची अट घालतात. दोन गोष्टी करून बघा. एक, समुद्रकिनाऱ्यापासून अर्धा तास आत असलेली गावं शोधा: लेक्स एन्ट्रन्सऐवजी बेर्न्सडेल, मेरिम्बुलाऐवजी बेगा, हस्किसनऐवजी नाउरा. दोन, साधी मोटेल्स थेट फोन करून विचारा. ती एका रात्रीसाठी खोली देतात आणि रद्द झालेल्या खोल्या संकेतस्थळावर यायच्या आधी फोनवर जातात. खोली घेताना 'किचनेट' आहे का विचारा. मायक्रोवेव्ह, किटली आणि छोटा फ्रिज एवढ्यावर भात-वरणाची सोय होते.

२५ डिसेंबरला काय उघडं असतं?

जवळजवळ काही नाही. कोल्स, वुलवर्थ्स, आल्डी ही मोठी दुकानं बंद. बहुतेक कॅफे बंद, औषधांची दुकानं बंद. हायवेवरचे मोठे पेट्रोलपंप चालू असतात, गावातला छोटा पंप बंद असू शकतो. पबमध्ये नाताळचं जेवण असतं, पण ते महिनाभर आधी ठरलेलं आणि माणशी दर बराच. काही चिनी आणि भारतीय उपाहारगृहं उघडी असतात. फोन करून खात्री केल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. २६ ला, बॉक्सिंग डेला, वेळा कमी असतात आणि छोट्या गावांत काही दुकानं तेव्हाही उघडत नाहीत. म्हणून २४ च्या दुपारपर्यंत दोन दिवसांचं दूध, पाव, भाजी, बर्फ आणि औषधं घेऊन ठेवा. २४ ला संध्याकाळी ५ वाजता पोचून दुकानाच्या बंद दारासमोर उभं राहणारी गाडी बहुधा आपल्यापैकीच कोणाची तरी असते.

मध्यरात्रीच्या मिस्साला जायचं असेल तर गावातल्या चर्चची वेळ आधी बघा. लहान गावांत ती मध्यरात्री नसून २४ च्या संध्याकाळी असते. वसई-गोव्यातली सवय इथे चालत नाही.

भारतातलं लायसन्स चालतं का?

पर्यटक म्हणून आलेल्याला चालतं, जर ते वैध असेल आणि इंग्रजीत असेल. नव्या स्मार्ट कार्डावर इंग्रजी असतंच. जुनं मराठी छापाचं पुस्तक असेल तर अधिकृत भाषांतर किंवा भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागेल. मूळ लायसन्स गाडीत हवं, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. इथे राहायलाच आलेल्यांसाठी ठरावीक मुदतीनंतर स्थानिक लायसन्स घ्यावं लागतं. मुदत राज्यानुसार आणि व्हिसानुसार ठरते.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे आपल्याकडच्यांना बरं पडतं. चुकतं ते राउंडअबाउटवर. आत असलेल्या गाडीला वाट द्यायची, हॉर्न वाजवून घुसायचं नाही.

भाड्याची गाडी घेताना काय बघावं?

चार गोष्टी. मेलबर्नला घेऊन सिडनीला सोडणार असाल तर एकेरी भाड्याचा अधिभार. २५ वर्षांखालच्या चालकाचा वेगळा आकार. अपघात झाला तर तुम्ही किती भरायचं ती रक्कम. ती काही हजार डॉलर असू शकते. आणि कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू आहे का. बहुतेक करारांत नसतो, आणि या मार्गावरचे कितीतरी सुंदर किनारे कच्च्या रस्त्याच्याच टोकाला आहेत. रात्री गावाबाहेर जनावराला धडक बसली तर भरपाई नाही, असंही कलम काही करारांत असतं. ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि काचेचे फोटो काढा.

टोल कसा भरायचा?

टोलनाकेच नाहीत. कमानीखालून गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. मेलबर्न विमानतळाहून शहरात येताना आणि शहरातून पूर्वेला मोनॅश फ्रीवेकडे जाताना सिटीलिंक हा टोलरस्ता लागतो. आग्नेय उपनगरांतून निघालात तर लागत नाही. गाडीत टोलचा टॅग नसेल तर 'लिंक्ट' या टोल कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आधी किंवा प्रवासानंतर तीन दिवसांत पास घ्या. भाड्याच्या गाडीत कंपनीचा टॅग असतो आणि प्रत्येक वापरामागे ती आपला आकारही जोडते. लेक्स एन्ट्रन्सपासून वुलन्गाँगपर्यंत टोल नाही.

निघण्याआधी गाडीत काय तपासायचं?

४० अंशांत जे बिघडतं ते तपासा. बॅटरी: तीन-चार वर्षांची झाली असेल तर चाचणी करून घ्या. उष्णतेने बॅटरी आतून मरते आणि नेमकी पार्किंगमध्ये गाडी सुरू होत नाही. कूलंट: इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. गरम असताना झाकण उघडलंत तर वाफेने हात भाजेल. टायर: हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे निघण्याआधी, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाळा. पाच माणसं आणि बॅगा भरून कमी हवेवर तापलेल्या डांबरावर १०० ने गेलं की टायरची बाजू तापून फाटते. खाच किमान १.५ मिलिमीटर हा कायदा झाला. पावसाचा विचार केला तर ३ च्या खाली नवीनच घ्या. स्टेपनी आहे का, आणि ती छोटी 'स्पेस सेव्हर' असेल तर ८० च्या वर पळवायची नाही, हे लक्षात ठेवा. तिच्यावर ईडनहून सिडनी गाठणं म्हणजे शिक्षाच.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्टेपनीच्या वर रचलेल्या बॅगा. पंक्चर झालं की आधी सगळं सामान हायवेच्या कडेला उतरवावं लागतं. जॅक आणि पाना वेगळा, हाताशी ठेवा.

रस्त्यावर मदतीला आरएसीव्ही (व्हिक्टोरिया) आणि एनआरएमए (न्यू साउथ वेल्स) या दोन्ही वाहनचालक संघटनांचा नंबर एकच: १३ ११ ११. सदस्यत्व आधी घेतलेलं बरं.

पेट्रोल कुठे भरावं? आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

लेक्स एन्ट्रन्सला टाकी पूर्ण भरा, मग ईडनपर्यंत काळजी नाही. मधल्या छोट्या गावांत पंप आहेत, पण सणाच्या दिवशी त्यांचा भरवसा नको आणि दरही जास्त. न्यू साउथ वेल्समध्ये ई१० हे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. तुमच्या गाडीला चालतं का ते टाकीच्या झाकणाआड लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी आधी भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे.

इलेक्ट्रिक गाडीने हा प्रवास होतो. अडचण अंतराची नसते, रांगेची असते. लेक्स एन्ट्रन्स ते बेगा या पट्ट्यात चार्जर मोजके. मुक्कामाच्या जागी रात्रभर साध्या सॉकेटला लावू देतील का, हे बुकिंग करतानाच विचारा. पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्यापुढच्याला पोचता येईल एवढी बॅटरी राखून चाला.

वेग, कॅमेरे, दंड?

वस्तीत फलक नसेल तर ५०, मोकळ्या रस्त्यावर १००, फ्रीवेवर ११०. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५, नवशिक्या आणि प्रोबेशनरी चालकांना शून्य. नाताळच्या दुपारीही पोलीस फुंकणी घेऊन उभे असतात.

सीमा ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये शिरलात की नियम कडक होतात. नाताळ ते नववर्षाच्या काळात तिथे 'डबल डिमेरिट' लागू असतो, म्हणजे चुकीमागे लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण दुप्पट. एरवी हातात मोबाइल धरला तर ५ गुण चढतात, या दिवसांत १०; आणि पूर्ण लायसन्सची मर्यादा १३. मोबाइल आणि सीटबेल्ट टिपणारे कॅमेरे दोन्ही राज्यांत वरून थेट मांडीपर्यंत बघतात. पट्टा काखेखालून घेतला असेल तर तो न लावल्यातच जमा होतो, आणि दंड चालकालाही होतो. साडी किंवा ओढणी चुरगळते म्हणून पट्टा खाली सरकवण्याची सवय मागच्या सीटवर फार दिसते. पुढे दिवे लुकलुकवत उभी असलेली पोलिसांची गाडी किंवा रुग्णवाहिका दिसली तर व्हिक्टोरियात तिच्याशेजारून ४० च्या आतच जायचं.

मुलांसाठी भारतातली कार सीट आणली तर?

चालत नाही. ऑस्ट्रेलियन मानकाचीच सीट हवी, शिक्का बघून घ्या किंवा भाड्याने मिळते. ६ महिन्यांपर्यंत मागे तोंड करून, ४ वर्षांपर्यंत अंगच्या पट्ट्यांची, ७ वर्षांपर्यंत तशीच किंवा बूस्टर. मागे सीट असताना ४ वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. मांडीवर घेणं विसरा, दोनशे मीटरसाठीसुद्धा.

कांगारू समोर आला तर?

ब्रेक दाबा, स्टिअरिंग सरळ ठेवा. वाचवायला म्हणून वळवलीत तर समोरून येणारा ट्रक नाहीतर कडेचं निलगिरीचं झाड, दोन्ही कांगारूपेक्षा कठीण. पहाट आणि संधिप्रकाश ही त्यांची वेळ. डिसेंबरात या भागात सूर्य संध्याकाळी साडेआठच्या सुमारास मावळतो. म्हणून ऑर्बोस्ट ते ईडनचा टप्पा सकाळी ९ नंतर सुरू करून दुपारी ४ पर्यंत संपवायचा, एवढं वेळापत्रक पाळलंत तर हा प्रश्न बहुधा येतच नाही. एक ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका; मागून दुसरा येतो.

वणव्याची भीती किती खरी आहे?

पूर्ण खरी. हाच रस्ता, हाच आठवडा. ३१ डिसेंबर २०१९ ला सकाळी मॅलकूटा गावात आग आली. गावात जायला-यायला जिनोआहून निघणारा एकच रस्ता, तो बंद. सुमारे ४,००० माणसं पाण्याच्या काठावर जमली, दिवसाढवळ्या आकाश काळं आणि मग लाल झालं. पुढे नौदलाच्या 'चूल्स' जहाजाने हजारावर लोकांना बाहेर काढलं. त्याच पहाटे सीमेपलीकडे कोबार्गो गाव होरपळलं. नंतरच्या दोन-तीन दिवसांत बेटमन्स बेपासून व्हिक्टोरियाच्या सीमेपर्यंतच्या पर्यटकांना निघून जायला सांगण्यात आलं, आणि प्रिन्सेस हायवे कित्येक ठिकाणी बंद राहिला.

दरवर्षी असं होत नाही. पण बेत आखताना काही गोष्टी ठरवूनच निघा.

फोनमध्ये दोन ॲप हवीत, कारण राज्यं दोन: व्हिक्टोरियासाठी 'विकइमर्जन्सी' आणि न्यू साउथ वेल्ससाठी 'हॅझर्ड्स निअर मी'. दोन्हींत आपल्या मुक्कामाभोवतीचा परिघ निवडून सूचना चालू करा. रोज सकाळी आणि संध्याकाळी त्या भागाचं आगीचं मानांकन बघा. २०२२ पासून देशभर चारच पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. 'एक्स्ट्रीम'च्या दिवशी जंगलाचा टप्पा करू नका, एक रात्र वाढवा. 'कॅटस्ट्रॉफिक' जाहीर झाला तर आदल्या संध्याकाळीच झाडीपासून लांब, मोठ्या गावात जा. आग दिसायची वाट बघायची नाही.

इशारे तीन रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे आत्ताच हालचाल करा, लाल म्हणजे जीव धोक्यात आहे. लाल आल्यावर निघायला बहुधा उशीर झालेला असतो. निघायचं ते केशरीवर, आणि शक्यतो पिवळ्यावरच.

नेटवर्क गेलं की ॲप मुकी होतात. मग कामाला येतो गाडीतला रेडिओ. एबीसी या सरकारी प्रसारणसंस्थेची स्थानिक वाहिनी आणीबाणीत सतत माहिती देते. प्रत्येक मुक्कामी तिची फ्रिक्वेन्सी शोधून ठेवा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, कारण वळसा पडला तर तो शंभर-दोनशे किलोमीटरचा पडतो: किनारा सोडून कॅनबेरामार्गे.

'टोटल फायर बॅन'च्या दिवशी उघड्यावर कोळसा, लाकूड, शेकोटी काहीही नाही. दिवाळीतल्या उरलेल्या फुलबाज्या नववर्षाला लावू म्हणून बॅगेत टाकू नका. फटाके तर दोन्ही राज्यांत खासगीत उडवायला बंदीच आहे.

समुद्रात उतरावं का? पोहता येत नाही, पण पाय भिजवायचेत.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, आणि झेंडे नसतील तर गुडघ्यापर्यंतसुद्धा विचार करून. हा पॅसिफिकचा आणि टास्मन समुद्राचा किनारा आहे, जुहू-चौपाटी नव्हे. पाणी गुडघाभर दिसतं, पण लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि पुढे 'रिप' म्हणजे आत ओढणारा प्रवाह असतो. गंमत अशी की रिप असलेली जागाच नवख्याला सुरक्षित वाटते: तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं.

रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न करू नका. दमून बुडतात ते तसे. उताणे तरंगा, एक हात वर करा, ओरडा. प्रवाह सैल झाला की किनाऱ्याला समांतर जाऊन फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने बाहेर या. दुसरा कोणी अडकला तर हातात तरंगणारी वस्तू असल्याशिवाय मागून उडी घेऊ नका. आइसबॉक्सचं रिकामं खोकंही चालतं. ०००ला फोन करा.

पोहता न येणाऱ्यांना पाण्याचा आनंद हवाच असेल तर या किनाऱ्यावर खाड्या आणि दगडी 'रॉक पूल' भरपूर आहेत. मेरिम्बुलाची खाडी, कियामाचे रॉक पूल. भरती-ओहोटी मात्र तिथेही बघायची, आणि खडकावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

निळसर फुग्यासारखी 'ब्लूबॉटल' डसली तर शेपट्या काढून टाका आणि सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, २० मिनिटं ठेवा. व्हिनेगर लावू नका.

ऊन मुंबई-नागपूरइतकंच ना?

तापमान तितकंच, कधी कमीही. पण इथे अतिनील किरणं जास्त जाळतात. डिसेंबरात निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि ढगाळ हवेतही कातडी भाजते. 'आम्ही सावळे, आम्हाला काय होतं' हे चालत नाही. एसपीएफ ५०+ सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या २० मिनिटं आधी, मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला मिळून ७ चहाचे चमचे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. मेलबर्नची हवा मात्र लहरी: दुपारी ४०, आणि दक्षिणेचा वारा आला की तासाभरात २०. प्रत्येकाचं एक जाकीट वरच्या बॅगेत ठेवा.

खाण्याचं काय?

पहिल्या दिवसाची शिदोरी घरूनच: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चटणी, लाडू. दह्या-दुधाचं काहीही बर्फाशिवाय नको. उन्हात उभ्या गाडीत तासाभरात बिघडतं. आइसबॉक्सला इथे 'एस्की' म्हणतात. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवून तळाशी घातल्या तर बर्फही होतो आणि पाणीही.

उद्यानांतून आणि किनाऱ्यालगत फुकट विजेचे बार्बेक्यू असतात. बटण दाबायचं, पत्रा तापायला १० ते १५ मिनिटं, ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, मग पुन्हा दाबायचं. आधीच्या माणसाने त्यावर सॉसेज भाजलेली असतात. शाकाहारी असाल तर ॲल्युमिनियम फॉइलचा दुहेरी थर घाला. पनीर, मक्याची कणसं, भरली वांगीसुद्धा होतात. वापरून झाल्यावर पुसून ठेवायची रीत आहे. नाताळचं इथलं जेवण म्हणजे थंड कोळंबी, हॅम, चेरी, आंबे आणि पावलोवा. आंबा केन्सिंग्टन प्राइड नावाचा; हापूसशी तुलना न करता खाल्ला तर बरा लागतो.

आई-बाबा सोबत आहेत. वेगळी काळजी कोणती?

दर दोन तासांनी, फार तर अडीच, थांबा. सुट्टीच्या काळात रस्त्यावर 'ड्रायव्हर रिव्हायव्हर'च्या राहुट्या असतात, स्वयंसेवक चहा-कॉफी फुकट देतात. नेहमीची औषधं प्रवासापेक्षा चार दिवस जास्तीची, प्रिस्क्रिप्शनसह. इन्सुलिन एस्कीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको. भारताशी मेडिकेअरचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) परस्पर करार नाही, म्हणजे पाहुण्यांचा सगळा खर्च विम्यावर. रुग्णवाहिकेचंही बिल येतं. साधी शंका असेल तर हेल्थडायरेक्टचा १८०० ०२२ २२२ हा नंबर चोवीस तास चालतो. आणि 'मी गाडीतच बसते, तुम्ही जाऊन या' हे ऐकू नका. बाहेर ३० असताना बंद गाडीत थोड्याच वेळात ५० च्या पुढे जातं.

साप चावला तर?

हलू देऊ नका, धुऊ नका, कापू-चोखू नका. रुंद ताणपट्टी चावलेल्या जागेवरून सुरू करून सगळा हात किंवा पाय गुंडाळा, काठी बांधा, ००० लावा. अशा दोन पट्ट्या गाडीत असू द्या.

३१ ला सिडनीत आतषबाजी कुठून बघायची?

पहिली गोष्ट, गाडी घेऊन जायचं नाही. बंदराभोवतीचे रस्ते आणि हार्बर ब्रिज वाहनांना बंद असतात. गाडी उपनगरातल्या स्टेशनजवळ किंवा मुक्कामी ठेवा आणि रेल्वेने जा. कार्ड टेकवून आत जाता येतं. सर्क्युलर की स्टेशन गर्दी झाली की बंद होऊ शकतं, म्हणून आधीच्या स्टेशनावर उतरून चालायची तयारी ठेवा.

आतषबाजी दोनदा होते: रात्री ९ ला मुलांसाठी छोटी, १२ ला मोठी. काही जागांना तिकीट असतं, फुकट जागांची क्षमता ठरलेली. चांगल्या फुकट जागा दुपारपर्यंत भरतात. कोणत्या जागी बॅग तपासतात, कुठे काच आणि दारू चालत नाही हे शहराच्या अधिकृत यादीत बघा. लहान मुलं आणि सत्तरीचे आजोबा असतील तर ९ ची बघून परत फिरा. १२ नंतर स्टेशनात शिरायलाच तासभर लागतो.

भारतात शुभेच्छांचा फोन कधी करायचा?

इथे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून आपण साडेपाच तास पुढे. सिडनीत १२ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. आणि पुण्यात १२ वाजतात तेव्हा इथे १ जानेवारीच्या पहाटेचे साडेपाच. सिडनीचा सूर्योदय त्यानंतर जेमतेम वीस मिनिटांत होतो. पूर्वेकडच्या एखाद्या किनाऱ्यावर जाऊन फोन लावलात तर तिकडच्या फटाक्यांचा आवाज आणि इकडचा सूर्य एकदम मिळतो. जे ९ ची आतषबाजी बघून झोपले त्यांनाच हे जमतं.

नवीन वर्षाचे संकल्प वगैरे?

ऑर्बोस्ट ते कॅन रिव्हरच्या टप्प्यात करा. पाऊण तासाचा रस्ता, रेंज नाही, कोणाला पळता येत नाही. प्रत्येकाने एकच इच्छा सांगायची आणि चालक सोडून कोणीतरी ती लिहायची. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून पुढच्या नाताळला उघडायचा. मोबाइलमध्ये लिहिलं की हरवतं.

वाटेतल्या गावांसाठी आपण काही करू शकतो का?

हो, आणि सोपं आहे. या गावांची वर्षाची कमाई या चार-पाच आठवड्यांत होते. २०२० च्या जानेवारीत पर्यटकांना बाहेर काढलं तेव्हा आग न लागलेली गावंही बुडाली. तेव्हा 'एम्टी एस्की' नावाची मोहीम निघाली होती: रिकामा आइसबॉक्स घेऊन जा, आणि तिथल्या दुकानांतून भरा. आजही तेच करा. दोन दिवसांचं सामान घरून, बाकी वाटेत: लेक्स एन्ट्रन्सला मासे, टिल्बाला चीज, कोबार्गोला चहा आणि बेकरी. आणि आगीच्या इशाऱ्यामुळे बेत पुढे ढकलावा लागला तर बुकिंग रद्द करण्याआधी तारीख बदलून मागा. मोटेलवाला बहुधा देतो. त्याच्यासाठी रिकाम्या खोलीपेक्षा फेब्रुवारीतला पाहुणा बरा.

परत कसं यावं?

ह्यूमने, दोन दिवसांत. २ जानेवारीला सिडनीतून बाहेर पडणारी गर्दी दुपारी वाढते, त्यामुळे सकाळी ६ ला निघा. गंडगाईजवळ डब्यावर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा आणि होलब्रूकला समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हिरवळीवर ठेवलेला खऱ्याखुऱ्या पाणबुडीचा वरचा भाग, एवढे दोन थांबे मुलांना पुरतात. मुक्काम ऑल्बरीला. हा भाग किनाऱ्यापेक्षा तापतो, ४० च्या वर सहज. कूलंट पुन्हा एकदा बघून घ्या, सकाळी, इंजिन थंड असताना.